सागबारा ते खापर, चालीच्या वेगाने

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा झाली आणि गाडी बंद पडली. क्रम असाच होता, म्हणून असाच लिहितो. बॉनेटवर कुंकवाचा साथिया म्हणजे स्वस्तिक काढला, झेंडूचा हार घातला, नवकार म्हटला आणि किल्ली फिरवली. फाटकापर्यंत गेली. तिथे वेगाच्या काट्याखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

"उभी राहून राहून रुसली," प्रतिभा म्हणाली.

तिचे खोटे नाही. गाडी २०११ सालची. आमची मुलगी आयुषी नंदुरबारच्या कॉलेजात जाऊ लागली तेव्हा जुनीच घेतली होती. चार वर्षांपूर्वी आयुषीने दीक्षा घेतली, तेव्हापासून गाडी भिंतीला लागून उभी असते. आठवड्यातून एकदा मी दुकानाच्या मालासाठी अक्कलकुव्याला जातो, तेवढीच. रोज सकाळी त्या भिंतीच्या कडेने मुंग्यांना पीठ-साखर घालताना तिच्यावरची धूळ दिसते आणि पुसायची राहून जाते.

एरवी मी हे मनावर घेतले नसते. पण परवा आमच्या जैन स्थानकात श्रावक संघाची बैठक झाली. गुजरातेत चातुर्मासाला असलेल्या महासतीजी सुव्रताजी आणि त्यांच्या तीन साध्वी कार्तिक पौर्णिमेनंतर सागबाऱ्यावरून खापर, मग अक्कलकुवा, असा विहार करणार आहेत. साध्वी वाहनात बसत नाहीत, अनवाणी चालतात. हायवेवर तेव्हा उसाचे ट्रक सुरू झालेले असतील. म्हणून मागून एक गाडी हवी, चारही दिवे लुकलुकत, चालीच्या वेगाने.

मी सगळ्यांत आधी हात वर केला. संघाचे अध्यक्ष रतनलालजी म्हणाले, "हेमराज, तुझी गाडी चालते का?"

"चालते."

"हळू चालते का? पळणारी गाडी कोणीही देईल."

चारांपैकी एक साध्वी विरतिप्रभाजी आहेत. त्यांचे संसारातले नाव आयुषी.

५ ऑक्टोबर

अक्कलकुव्याचा मगन मिस्त्री येऊन गेला. स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढे यंत्र खोचले आणि मोबाइलवर बघत बसला. गाडीने काय काय चुकते आहे ते आकड्यांत लिहून ठेवलेले असते म्हणे.

"शेठ, गाडी हुशार शे. तिले काय दुखस ते ती सोता सांगस. आपुन फक्त इचारनं."

"काय म्हणते?"

"सात ठिकाने दुखी ऱ्हायनं तिले."

सातही कोड मी इथे मागच्या पानावर उतरवून घेतले आहेत. शेवटचा P0685. त्याचे काय म्हणून विचारले, तर मगन म्हणाला, "हाऊ कव्हय बी येस. बॅटरी नरम पडनी की येस. सोडी द्या."

सोडून दिला.

आपल्या शास्त्रात कर्मे आठ सांगितली आहेत. गाडीची सात. एक कमी, म्हणून आपल्यापेक्षा हलकी असावी, असे मी प्रतिभाला म्हणालो. ती हसली नाही. तिने विचारले, "दहा नोव्हेंबरपर्यंत होईल ना?" तारीख मी तिला सांगितली नव्हती. तिने स्वतःच हिशेब लावलेला दिसतो.

८ ऑक्टोबर

मगनचे निदान पक्के झाले. इंजिनाचा कॉम्प्युटर गेला.

"सात दुखणी घीसन मानूस डाक्टरकडे येस ना, तव्हय खरं दुखनं एकच ऱ्हास."

"कोणतं?"

"डोकं."

नवा कॉम्प्युटर मागवला तर दोन महिने लागतात, कारण हे मॉडेल आता निघत नाही. गुजरातेत भंगाराच्या बाजारात अपघातात गेलेल्या गाड्यांचे मिळतात. मगनचा तिथे ओळखीचा माणूस आहे. मी हो म्हटले. अपघातातल्या गाडीचे डोके आपल्या गाडीत बसवायचे, हा विचार मनाला बरा वाटला नाही. गाडीतल्या माणसांचे काय झाले होते, ते मगनला माहीत नव्हते आणि मीही फार विचारले नाही. त्यांच्यासाठी एक माळ जपली.

१४ ऑक्टोबर

कॉम्प्युटर आला. वहीएवढा चपटा ॲल्युमिनियमचा डबा. त्याच्या पट्टीवर लांबलचक नंबर. आमच्या जुन्या डब्याशी ताडून पाहिला. सगळे आकडे तेच, फक्त शेवटी आमच्यावर A आणि यावर C.

"चालेल का?"

"आडनाव एकच शे शेठ. भाऊबंदच समजा."

मी दुकानदार आहे. भाऊबंद या शब्दावर किती विसंबावे हे मला कळायला हवे होते. किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झाले, प्रतिभाने हात जोडले, आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा फिरवली, पुन्हा दोन सेकंद. काट्यांजवळ किल्लीचे चित्र लुकलुकत होते.

मगनने समजावून सांगितले. किल्लीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. कॉम्प्युटर तिला विचारतो, तू कोण? उत्तर ओळखीचे आले तरच इंजिन चालू ठेवतो. हा कॉम्प्युटर त्याच्या जुन्या किल्लीलाच ओळखतो. आमची किल्ली त्याला परकी.

किल्ली सात वर्षे तीच आहे. डोके बदलले, ओळख गेली. यात किल्लीचा दोष नाही, डोक्याचाही नाही. हे मी प्रतिभाला सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, "हिनंसुद्धा ओळख सोडली?" आणि आत निघून गेली.

१९ ऑक्टोबर

मगनने त्याच भंगार गाडीची किल्ली आणि कुलपाचा डबा आणवला. आता माझ्याकडे दोन किल्ल्या आहेत. एकीने दार उघडते, दुसरीने गाडी सुरू होते.

सुरू झाली, राहिलीही. पण पिवळा दिवा गेला नाही. मगनने यंत्र लावले. ती अपघाताची गाडी गॅसवर चालणारी होती. तिचे डोके आता सिलिंडरचा दाब विचारते आहे. आमची गाडी पेट्रोलची. जो सिलिंडर या गाडीत कधी नव्हताच, त्याच्यासाठी ती दिवा लावून बसली आहे.

"ते तिना मागला घरनं दुखनं शे," मगन म्हणाला. "आठे त्याले उपाय नही. तुम्हीन दिवाकडे दखूच नका."

दिव्याकडे न बघता मी ती खापरच्या बाजारातून हळूहळू नेली. दहाव्या मिनिटाला बंद पडली.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

भगवंतांचा निर्वाणदिन. स्थानकात पहाटे पाठ झाला. नंतर रतनलालजींनी मला बाजूला घेतले. "साध्वींच्या मागे बंद पडलेली गाडी म्हणजे आणखी एक धोका. पौर्णिमेला माझ्यासमोर एक तास चालीच्या वेगाने चालवून दाखव. नाही झालं, तर दोन्ही टप्पे पुनीत करेल."

पुनीत म्हणजे त्यांचा पुतण्या. गेल्या अक्षय्यतृतीयेला नवी गाडी घेतली. तो तिथेच उभा होता. "काका, माझी ऑटोमॅटिक आहे. ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप सरकते. तुम्ही माझ्या शेजारी बसा ना, गप्पा मारत जाऊ."

मुलगा चांगला आहे. बोलतो फार.

प्रश्न साध्वींच्या सुरक्षेचा आहे आणि ती कोणाच्याही गाडीने होईल, हे मला कळते. तरी मला ते नको आहे. का नको, ते इथे तरी खरे लिहावे. दीक्षेनंतर पहिल्या चातुर्मासाला मी दर्शनाला गेलो होतो. सहाव्या रांगेत जागा मिळाली. व्याख्यानानंतर पुढे गेलो, वंदना केली. विरतिप्रभाजी म्हणाल्या, "दया पालो, श्रावकजी." सगळ्यांना तेच म्हणतात आणि तेच म्हणायचे असते. मागे चाळीस माणसे उभी होती, मी सरकलो. त्यानंतर दुकानामुळे जाणे झाले नाही. दुकानामुळेच, असे मी सांगतो.

रस्त्यावर मागे चाळीस माणसे नसतात. चार तास पुढे त्या आणि मागे गाडी. कोणी सरका म्हणत नाही. गुडघ्यामुळे मी एवढे चालू शकत नाही, नाहीतर गाडीचे एवढे अडले नसते.

२४ ऑक्टोबर

चालीच्या वेगाचा सराव करायला कोणाच्या तरी मागे जायला हवे. शेजारच्या भिकुबाईच्या तीन म्हशी सकाळी नदीकडे जातात. त्यांच्या मागे लागलो, चारही दिवे लुकलुकत.

थोड्या वेळाने भिकुबाई वळली. "हेमराजभाऊ, मन्हा म्हशीस्ना मांगे कसाले पडेल शेतस? दूध पाहिजे तर घर या ना!"

"गाडी तपासतोय, मावशी."

"आन मन्ह्या म्हशी बुजनात तर? दिवा बंद करा आधी. लगन शे का कोनं!"

पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. एक म्हैस थांबून मागे बघत राहिली. भिकुबाई तिला म्हणाली, "चाल वं माय, त्यास्नं ते रोजनंच शे."

२७ ऑक्टोबर

आज गाठ सुटली.

मगन खापरला आला होता आमचा जुना कॉम्प्युटर परत बसवायला. "डोकं बदलीसन बी बंद पडस, म्हंजे डोकं नव्हतंच. मन्हं चुकनं शेठ." एवढे मोकळेपणी कबूल करणारा कारागीर मी पाहिला नव्हता. डोके आणि किल्ली जागच्या जागी गेल्यावर त्याने बॉनेटखालचा काळा डबा उघडला. त्यात बोटाच्या पेराएवढ्या डब्या ओळीने खोचलेल्या असतात. त्यांना रिले म्हणतात. आत दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींना टेकल्या की पुढे वीज जाते. कॉम्प्युटरला वीज देणारी डबी त्याने काढली, तिचे टोपण उचकटले आणि वाकून आत पाहिले.

मग म्हणाला, "आठे वस्ती शे."

बारीक काळ्या मुंग्या. डबीत, डबीखाली, वायरींच्या मुळाशी, पार आतल्या कप्प्यापर्यंत. पांढरी अंडी आणि साखरेचे दाणे. पट्ट्यांच्या मधे मुंगी आली की वीज तुटते, कॉम्प्युटर क्षणभर झोपतो, गाडी बंद पडते आणि जागा झाल्यावर तो मिळेल त्याला दोष देतो. सात कोड त्याचेच. P0685 चा अर्थ आता मगनने मोबाइलवर वाचून दाखवला: कॉम्प्युटरच्या वीज देणाऱ्या रिलेत बिघाड. पहिल्या दिवसापासून तो हेच सांगत होता.

"दोन मिन्टनं काम," मगन म्हणाला. "फवारा मारतस, नवी डबी टाकतस."

"फवारा नको."

"शेठ, मुंग्या शेतस त्या."

"म्हणूनच नको."

त्याने प्रतिभाकडे पाहिले. प्रतिभा भिंतीकडे बघत होती. मी म्हणालो, "पण एवढी साखर यांनी आणली कुठून?"

२८ ऑक्टोबर

साखर माझीच आहे. सकाळी मूठ उघडताना लक्षात आले. प्रतिभाला कालच कळले होते. तिने सांगितले नाही.

कीडीनगरा, म्हणजे मुंग्यांना पीठ-साखर, घालण्याची चाल आमच्याकडे मारवाडपासूनची. पूर्वी एक मूठ माझी असे, एक आयुषीची. ती गेल्यावर तिची मूठ बंद करवली नाही, म्हणून दोन्ही मीच घालतो. चार वर्षे, भिंतीच्या कडेने, गाडीच्या पुढच्या चाकापाशी. पुण्य म्हणून घातले आणि त्यावर वस्ती वाढली. वस्ती आपण वाढवायची आणि आपल्याला अडचण झाली की उठवायची, हे कोणत्या धर्मात बसते?

घालणे एकदम बंद करणेही बरे नाही. ठरवले की रोज साखर गाडीपासून हातभर लांब टाकायची. कुंपणाजवळच्या निंबापर्यंत नेली की अन्नामागे त्याही जातील. मगनला म्हटले, तोवर डबा उघडा ठेव. ऊन लागले तर जागा सोडतील.

"जाई जाई," मगन म्हणाला. "मुंग्यास्ले बी नोटीस देनं पडस आते."

३१ ऑक्टोबर

मुंग्यांनी माझी वाट धरली, पण उलटी. साखर निंबाकडून गाडीकडे जाते आहे. पूर्वीपेक्षा मोठी रांग.

२ नोव्हेंबर

प्रतिभाने आज विषय काढला. आम्ही घरात मारवाडी बोलतो, इथे मराठीत लिहितो.

"पौर्णिमेला तीन दिवस राहिले."

"हो."

"मुलगी दिली तेव्हा म्हणालात, पुण्य आहे. मी गप्प बसले. आता तिची पाठ बघायला मिळणार होती. तीही मुंग्यांना द्यायची. हेही पुण्यच ना?"

"तिची म्हणू नये. महासतीजी म्हणावं."

"तुम्ही म्हणा. मी तिला नऊ महिने काही म्हटलं नव्हतं, तरी ती माझीच होती."

सामायिकाची वेळ झाली होती. उठून स्थानकात गेलो. अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसायचे असते. मन मात्र गाडीच्या डब्यापाशीच बसले होते, हे लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर

मुंग्या गेल्या!

सकाळच्या सामायिकाहून परत आलो तर मगन डब्याला झाकण लावत होता. मी बोलावले नव्हते. म्हणाला, असाच या बाजूला आलो होतो. मी वाकून पाहिले. एकही मुंगी नाही, अंडे नाही, साखरेचा दाणा नाही. सगळे धुतल्यासारखे लख्ख. थोडा रॉकेलसारखा वास होता. मगनने तारांची टोके साफ केली असतील. नवी डबीही बसवून टाकली होती.

"गेल्या कधी?" मी विचारले.

"आते काय सांगू शेठ. भाभीले इचारा," म्हणाला आणि चहालाही थांबला नाही. त्याला घाई असेल.

प्रतिभा म्हणाली, "नाहीत आता. एवढं बघा."

निंबाच्या बुंध्यापाशी जाऊन पाहिले. तिथे काही मुंग्या दिसल्या. याच त्या, अशी माझी खात्री आहे. सात दिवस लागले, पण एकही जीव न दुखावता झाले. आजपर्यंत मी पोथीतले वाचत आलो. आज पहिल्यांदा एखादी गोष्ट पोथीप्रमाणे घडलेली पाहिली. डोळे भरून आले.

प्रतिभाने आज आयंबिल केले. एकदाच जेवली, मीठ-तूप-मसाला नसलेले. तिथी तशी नव्हती. गाडीसाठी नवस बोलली असावी. दुपारभर माळ घेऊन बसली होती.

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

रतनलालजी शेजारी बसले. एक तास, चालीच्या वेगाने. गाडी एकदाही आचकली नाही. दिवा लागला नाही. बंद केल्यावर मी त्यांना मुंग्यांची हकिगत सांगितली.

"आपणहून गेल्या?"

"आपणहून."

"हेमराज, हे व्याख्यानात सांगण्यासारखं आहे."

दोन्ही टप्पे माझ्याकडे.

१० नोव्हेंबर

सगळे लिहितो, जसे झाले तसे.

सूर्य वर आल्यावर साध्वी सागबाऱ्याहून निघाल्या. पुढे महासतीजी सुव्रताजी, साठीच्या, काठी टेकत. मग दोघी, आणि शेवटी विरतिप्रभाजी. म्हणजे गाडीच्या अगदी पुढे. प्रतिभा माझ्या शेजारी होती. पाठीवर कापडात बांधलेल्या पोथ्या, खांद्याला पात्रांची झोळी, काखेत रजोहरण, वाटेतले जीव अलगद दूर करायची लोकरीची कुंचली. टाचा फुटलेल्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पाहायचे नसते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. उसाचे ट्रक मागून येत, हॉर्न देत, आमचे दिवे बघून बाजूने जात. एक ट्रकवाला काच खाली करून ओरडला, "काका, गाडी ढकलू का?" मी हात जोडले. प्रतिभा दोन तासांत एक शब्द बोलली नाही. मीही नाही. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, एवढे एकमताचे दोन तास आठवत नाहीत.

खापर चार किलोमीटर उरले तेव्हा त्या एका शाळेच्या ओट्यावर टेकल्या. आम्ही वंदना करून खाली बसलो. महासतीजींनी सहज विचारले, "श्रावकजी, गाडी जुनी दिसते. त्रास नाही ना देत?"

एवढेच विचारले होते. "नाही" म्हणून मोकळे होता आले असते. मी पहिल्यापासून सुरुवात केली. दिवा, सात कोड, परके डोके, परकी किल्ली. त्या हसल्या. मग मुंग्या. साखरेची वाट, हातभर रोज, सात दिवस. मगन फवारा मारत होता आणि मी कसा मारू दिला नाही, तेही सांगितले. "आणि चार तारखेला महासतीजी, आपणहून गेल्या. एकही जीव गेला नाही."

"अनुमोदना," महासतीजी म्हणाल्या. "घरात राहून एवढी दया."

विरतिप्रभाजी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या प्रतिभाकडे बघत होत्या. लहानपणी बरणीतले लाडू कमी झाले की प्रतिभा तिच्याकडे असेच बघायची. आज उलटे होते.

"श्राविकाजी," त्यांनी विचारले, "मुंग्या आपणहून गेल्या?"

प्रतिभाने पदर नीट केला. "नाही," म्हणाली. "मी मगनला बोलावलं होतं. हे सामायिकाला गेले होते. रॉकेल मी ओतलं. मगन नको म्हणत होता, शेठ काय म्हणतील म्हणून. मी डबा त्याच्या हातातून घेतला."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार दूर जाईपर्यंत ऐकू आला.

महासतीजी रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "श्रावकजी, गाडी इथेच थांबवा. उद्याही नको. आमच्या निमित्तानं जे झालं, त्याच्या आधारानं आम्हाला चालता येणार नाही."

"महासतीजी, उसाचे ट्रक..."

"आजचे चार किलोमीटर कडेनं जाऊ."

मग प्रायश्चित्ताचे व्रत घ्यायला विरतिप्रभाजींनी त्यांच्यापुढे हात जोडले. "मला उद्याच्या उपवासाचे पच्चक्खाण द्या."

"तू कशाला?" प्रतिभा एकदम म्हणाली. "केलं मी. उपवास मला दे. तू अकरा किलोमीटर उपाशी चालणार?"

'तू' म्हणाली. कोणी तिला दुरुस्त केले नाही. मीही नाही.

"निमित्त मी आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी प्रतिभाकडे पाहिले. मला वाटले, आणखी काही म्हणतील. म्हणाल्या, "दया पालो."

त्या चौघी निघाल्या. आम्ही गाडीत बसून राहिलो. लगेच निघालो असतो तर त्यांना ओलांडून पुढे जावे लागले असते, म्हणून तासाभराने निघालो. गाडी एका किल्लीत सुरू झाली.

घरी आल्यावर मी प्रतिभाला विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चार तारखेला किती खूश होतात." मग म्हणाली, "आणि तुम्हाला एवढं सांगायला कोणी सांगितलं होतं? त्यांनी त्रास देते का एवढंच विचारलं होतं."

मी जे खरे समजून सांगितले ते खोटे निघाले, तिने जे खरे सांगितले त्याने टप्पा गेला आणि उपवास घडला तिसरीलाच. दोष कुठे धरावा, मला कळत नाही. मुंग्यांची क्षमा मागितली. त्यांच्यापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी स्थानकात मांगलिक झाले. रतनलालजी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. पुनीत नवी गाडी पुसून घेऊन आला होता. "काका, बसा ना," म्हणाला. मी नको म्हटले. काल ज्या गाडीला थांबवले तिच्यात मीही होतो.

प्रतिभा घरून काही न खाता आली होती. स्थानकाच्या पायरीवर तिने चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"अक्कलकुव्यापर्यंत?" मी विचारले.

"बघू."

"अकरा किलोमीटर आहे."

"तिलाही तेवढंच आहे."

मी दुकानाच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. तिथून हायवे वळणापर्यंत सरळ दिसतो. साध्वी ओळीने निघाल्या, विरतिप्रभाजी आजही शेवटी, आणि त्यांच्या मागे पंधरा-वीस पावलांवर प्रतिभा. ऊन समोरून येत होते. दोघींचा उजवा पाय किंचित बाहेर पडतो आणि टाच टेकताना डावा खांदा जरासा खाली येतो. एकीचा आला की पाठोपाठ दुसरीचा. पोरीची चाल कोणावर गेली, यावर आमच्या घरी पूर्वी बराच वाद झालेला आहे; मी माझ्या आईचे नाव घेत असे. सव्वीस वर्षांत प्रतिभाला एवढा वेळ पाठमोरी चालत जाताना मी कधी पाहिले नव्हते. काल ती माझ्या शेजारी बसलेली होती, त्यामुळे दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मग पुनीतची गाडी दोघींच्या मागे लागली. मोठी गाडी आहे. तिच्यापलीकडचे काही दिसेना. वळणापर्यंत तिचे दिवे लुकलुकताना दिसत होते, ते मी बघत राहिलो.